डोंगराचे पाणी आणि आपला ओढा

जोतिबाचा डोंगर आपल्याला नवा नाही. चैत्री पुनवेला सासनकाठ्या नाचवत आपण वर जातो. माघात खेटे घालतो. गुलाल उधळतो, चांगभलं म्हणतो आणि खाली उतरतो. आपण उतरतो तसे पावसाळ्यात पाणीही उतरते. ते कोणत्या वाटेने उतरते, कुठे जाते, वाटेत कुणाचे काय घेऊन जाते, हे मात्र आपण फारसे बघत नाही. या धड्यात आपण ते बघू.

कागदोपत्री या गावाचे नाव वाडी रत्नागिरी. तालुका पन्हाळा. समुद्रापासून उंची सुमारे तीन हजार फूट. हा डोंगर दोन नद्यांच्या मध्ये उभा आहे. दक्षिणेच्या अंगाला पडलेला पाऊस लहान लहान ओढ्यांनी कासारीकडे आणि पंचगंगेकडे जातो. उत्तरेच्या अंगाला पडलेला पाऊस वारणेकडे जातो. वारणा सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेत मिळते. पंचगंगा खाली नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिळते. म्हणजे बघा, डोंगराच्या धारेवर शेजारी शेजारी दोन थेंब पडले, एक इकडे घरंगळला, एक तिकडे. दोघे दोन वाटांनी जातात आणि नरसोबाच्या वाडीला पुन्हा भेटतात. मधल्या वाटेवर जेवढी गावे आहेत, तेवढ्या गावांचा या थेंबांशी संबंध येतो. कुशिरे, पोहाळे, गिरोली, केर्ली ही तर पायथ्याचीच गावे. त्यांच्या दारातून हे पाणी जाते.

पाणी मोजून बघू

पाऊस किती पडला, हे आपण इंचात किंवा मिलिमीटरात ऐकतो. एक इंच म्हणजे पंचवीस मिलिमीटर. ऐकताना हा आकडा लहान वाटतो. एक इंच म्हणजे काय, अंगठ्याच्या पेराएवढे पाणी! पण ते एक एकरभर पसरलेले असते. एका एकरावर एक इंच पाऊस पडला, तर एक लाख लिटरांहून थोडे जास्त पाणी होते. पंधरा लिटरांची घागर धरली, तर जवळजवळ सात हजार घागरी. एका एकरावर, एका इंचाला!

आता डोंगराच्या एका कुशीत दोनशे एकरांचा उतार आहे असे धरू. त्याचे सगळे पाणी एकाच ओढ्याला येते. आषाढात एका दिवसात चार इंच पाऊस पडला. हे आपल्याकडे काही नवल नाही. दोनशे एकर आणि चार इंच, म्हणजे आठ कोटी लिटर पाणी. यातले निम्मे जमिनीत मुरले, गवतात अडकले, झाडांनी घेतले असे धरू. तरी चार कोटी लिटर ओढ्याला आले. आपण उन्हाळ्यात पाण्याचा टँकर बघतो. दहा हजार लिटरांचा टँकर धरला, तर हे चार हजार टँकर झाले. पावसाचा जोर सहा तास राहिला असेल, तर दर पाच-सहा सेकंदांना एक टँकर तुमच्या ओढ्यात रिकामा होतो आहे. सहा तास, न थांबता.

हे गणित सावकाश दोनदा करून बघावे. ते नीट समजले, म्हणजे मग ओढ्याकडे बघण्याची नजर बदलते.

एवढ्या पाण्याला वाट लागते. वाट असली तर ते मुकाट्याने जाते. वाट नसली तर ते वाट करून घेते, तुमच्या भातातून, पाणंदीतून, गोठ्यातून. पाण्याला सातबारा वाचता येत नाही.

ओढा बुजतो कसा

ओढा एका दिवसात बुजत नाही. म्हणून तो बुजतो आहे हे आपल्या ध्यानात येत नाही.

पहिली गोष्ट मातीची. डोंगरावर खाली काळा कातळ आणि वर मातीचा पातळ थर. त्या थराला धरून ठेवते ते गवत. माघ-फाल्गुनात गवत वाळले की कुणीतरी काडी लावतो. जाळल्यावर पुढच्या साली गवत चांगले येते, अशी समजूत आहे. वणवा पेटतो आणि रात्रीत सगळा उतार काळा होतो. गवत जळते, झाडांची रोपे जळतात, पालापाचोळा जळतो. मग वळवाचा पाऊस येतो. वळीव कसा येतो, हे तुम्हाला सांगायला नको. टपोरे थेंब, वारा, अर्ध्या तासात सगळे पाणी. उघड्या मातीवर तो थेंब हातोडीसारखा आदळतो. माती सुटते आणि ओघळीने खाली येते. ओढा डोंगर सोडून सपाटीला लागला, की त्याचा वेग कमी होतो. वेग कमी झाला, की हातातले ओझे तो खाली ठेवतो. ते ओझे म्हणजेच गाळ. ज्या मातीवर वर गवत यायचे, ती माती खाली ओढ्याच्या पोटात जाऊन बसते. दोन्हीकडे नुकसान.

दुसरी गोष्ट कचऱ्याची. यात्रेला लाखो माणसे येतात. नारळाच्या शेंड्या आणि करवंट्या, गुलालाच्या रिकाम्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, पत्रावळ्या, चपला. वाऱ्याने यातले पुष्कळसे दरीच्या बाजूला जाते. चैत्रात ते झुडपांत अडकून राहते. मृगाचा पाऊस ते सोडवतो आणि खाली आणतो. पण सगळा दोष यात्रेकरूंवर घालणे बरे नव्हे. गावातला कचरा कुठे जातो? उसाचे पाचट, जनावरांचा उकिरडा, फुटकी कौले, पाडलेल्या घराची माती, हे सगळे आपण ओढ्याच्या काठाला नेऊन टाकतो. "टाक तिकडं वगळीत, पावसात जाईल वाहून," असे घरोघरी ऐकू येते. वाहून जाते हे खरे. पण ते समुद्रापर्यंत जात नाही. ते पुढच्या मोरीत जाऊन अडकते.

या मोरीकडे जरा नीट बघू. रस्त्याखाली सिमेंटच्या दोन नळ्या घातलेल्या असतात. प्रत्येक नळी तीन फूट तोंडाची. दोन्ही मिळून पाण्याला जायला सुमारे चौदा चौरस फूट जागा होते. रस्त्याच्या वरच्या अंगाला तोच ओढा वीस फूट रुंद आणि चार फूट खोल असेल, तर त्याची जागा ऐंशी चौरस फूट. ऐंशीतून आलेले पाणी चौदातून जायचे! नळ्या अगदी मोकळ्या असल्या आणि पाण्याला वेग असला, तर आपले ते पाच-सहा सेकंदांचे टँकर जेमतेम निघून जातील. पण नळ्या निम्म्या गाळाने भरल्या, तर राहिले सात चौरस फूट. त्यात एक बाभळीची फांदी आडवी पडली, फांदीला प्लॅस्टिकची पिशवी अडकली, पिशवीला पाचट अडकले. झाले. आता ती मोरी राहिली नाही. तो बंधारा झाला. पाणी फुगते, रस्त्यावर चढते, पलीकडची कड खचवते, आणि सकाळी एस.टी. गावात येत नाही. एवढे सगळे एका पिशवीपासून सुरू होते. राज्य सरकारने २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, त्याचे हेही एक कारण आहे. बंदी कागदावर आहे. पिशव्या मात्र मोरीत आहेत.

तिसरी गोष्ट बोलायला अवघड आहे. पण ती टाळून धडा पुरा व्हायचा नाही. ती म्हणजे बांध रेटण्याची गोष्ट.

ओढ्याकडेला ज्याचे रान आहे, तो नांगरताना एक तास पुढे घेतो. वर्षाला एक वीत. एक वीत म्हणजे काय मोठीशी जमीन? पण नऊ इंचांची वीत दहा वर्षांत साडेसात फूट होते. पलीकडच्या काठाचा शेतकरी बघतो, की याने घेतले. तोही घेतो. दोघांचे मिळून पंधरा फूट झाले. वडिलांच्या वेळी जो ओढा पंचवीस फूट होता, तो मुलाच्या वेळी दहा फूट झाला. पाऊस मात्र वडिलांच्या वेळी पडत होता तेवढा पडतोच, कधी जास्तही पडतो.

मग ज्या वर्षी मोठा पाऊस येतो, त्या वर्षी ओढा आपली पंधरा फुटांची जागा परत मागतो. व्याजासह मागतो. नुसता ऊस आडवा होत नाही, खालची मळीची माती खरवडून जाते आणि वर दगडगोटे पसरतात. एक इंच चांगली माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. चार गुंठे मिळवायला गेलो आणि दहा गुंठ्यांची माती घालवून बसलो, असा हा व्यवहार आहे. आणि बहुतेक वेळा रेटणारा एक असतो आणि बुडणारा दुसराच असतो. खालच्या अंगाला ज्याचे घर, त्याच्या चुलीत पाणी शिरते. त्याने कुणाचा बांध रेटलेला नसतो.

दुसरीकडे काय झाले

हे आपल्याच गावात होते असे नाही. मुंबईत मिठी नावाची नदी आहे. नदी कसली, मोठा नालाच म्हणा. तिच्या काठाला वस्ती वाढली, कारखाने झाले, भर पडली, पात्र आवळत गेले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. म्हणजे सदतीस इंच. मिठीला एवढे पाणी पोटात घेता आले नाही. वरून समुद्राची भरती. शेकडो माणसे गेली. एवढा पाऊस झाल्यावर नदी मोकळी असती तरी पाणी भरलेच असते, हे खरे. पण किती भरले असते आणि किती वेळ राहिले असते, यात फरक पडला असता.

पुण्याचा आंबील ओढा कात्रजच्या बाजूने शहरात येतो. वर्षातले दहा महिने त्याच्याकडे कुणी बघत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या अंगाला जोराचा पाऊस झाला आणि त्या ओढ्याने भिंती पाडल्या, गाड्या वाहून नेल्या. त्या रात्रीच्या पावसात पुणे शहर आणि जिल्ह्यात मिळून वीसहून अधिक माणसे दगावली. लोक झोपेत होते. नदीच्या पुराची निदान आगाऊ सूचना मिळते. ओढ्याचा पूर तासाभरात येतो आणि दोन-तीन तासांत ओसरतो. म्हणून तो जास्त घातकी.

महापुराचे काय

आता कुणी विचारील, "गुरुजी, आम्ही ओढा साफ केला म्हणजे पंचगंगेचा महापूर थांबंल काय?"

नाही. थांबणार नाही. उगीच खोटी आशा दाखवणे आम्हाला बरे वाटत नाही.

पंचगंगा ही कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांची मिळून झालेली आहे. पाचवी सरस्वती गुप्त आहे असे मानतात. प्रयाग चिखलीला संगम आहे. या नद्या सह्याद्रीच्या घाटातून येतात. तिकडे पाऊस अफाट. धरणे भरली, की पाणी सोडावे लागते. भोगावतीवरचे राधानगरी धरण शाहू महाराजांनी हाती घेतलेले. त्याचे दरवाजे असे बसवले आहेत, की पाणी ठराविक उंचीला आले म्हणजे ते आपोआप उघडतात. संगमाच्या खाली पंचगंगेला उतार फार थोडा. पाणी सावकाश सरकते. पुढे कृष्णा फुगलेली असली, तर तेही सरकत नाही. कोल्हापूरजवळ राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची उंची मोजतात. तिथे ३९ फुटांना इशारा देतात, ४३ फुटांना धोका म्हणतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. जुलै २०२१ मध्येही ते ५५ फुटांच्या वर गेले. आंबेवाडी आणि चिखली या गावांतल्या लोकांना घरेदारे सोडून बाहेर पडावे लागले. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर रस्ता बंद पडला. एवढे पाणी एका गावाच्या फावड्याने हटत नाही. त्याला धरणांचे पाणी सोडण्याचे वेळापत्रक लागते, पूररेषेच्या आत घरे न बांधणे लागते, तो शासनाचा आणि सगळ्या जिल्ह्याचा प्रश्न आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. नदी फुगली, की ओढ्याचे तोंड बंद होते. नदीचे पाणी ओढ्यातून उलटे वर चढते. कोल्हापूर शहरात जयंती नाला आहे. पूर आला, की नदीचे पाणी या नाल्याने मागे येते आणि शाहूपुरीसारख्या भागात शिरते. नदी लांब असून घरात पाणी! अशा वेळी वरून येणारे ओढ्याचे पाणी आणि खालून चढणारे नदीचे पाणी मध्येच भेटतात. ओढ्याचे पोट मोकळे असेल, तर त्यात थोडे तरी पाणी मावते. गाळाने भरले असेल, तर पहिल्याच दिवशी ते काठाबाहेर पडते. माणसांना आणि जनावरांना हलवायला मिळणारा वेळ तेवढाच कमी होतो. गोठ्यातली चार जनावरे सोडवायची असतील, तर एक तासही मोलाचा.

तेव्हा ओढा राखल्याने काय साधते, तर आपल्या शिवारातला पूर, आपला रस्ता, आपली मोरी, आपल्या घरातले पाणी आणि आपली माती. एवढे पुष्कळ झाले.

काम कसे करावे

वर पाणी थांबवावे, खाली त्याला वाट द्यावी. हे उलटे केले, तर नुकसान होते. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण हल्ली जेसीबी आला आणि ओढा म्हणजे सरळ खोल खंदक करायचा, अशी एक पद्धत पडते आहे. वळणे काढून टाकली, काठाची झाडे उपटली, तळ खरवडून कातळापर्यंत नेला, की काम झाले! दिसायला छान दिसते. पण असे केल्यावर पाणी बंदुकीच्या गोळीसारखे खालच्या गावात जाते. आपण सुटलो, खालचे बुडाले. दुसऱ्या वर्षी उघडे काठ ढासळतात आणि ओढा पुन्हा भरतो. शेजारच्या विहिरींचे पाणीही खाली जाते.

डोंगराच्या अंगावर काम करायचे ते हलक्या हाताचे. उताराला आडवे, एका पातळीत चर खणावेत. चरातून निघालेली माती खालच्या बाजूला टाकावी आणि तिच्यावर गवत लावावे. ओघळी जिथे सुरू होतात, तिथे हाताने दगड रचून लहान बांध घालावेत. सिमेंट नको, चुना नको. पाणी दगडांतून झिरपून जावे, माती मागे राहावी. एक मोठा बांध खाली घालण्यापेक्षा वर वीस लहान बांध बरे. मोठा फुटला तर गावावर येतो. लहान फुटला तर त्याच्या खालचा त्याला झेलतो. आणि सगळ्यांत स्वस्त काम म्हणजे गवत न जाळणे. त्याला फावडेही लागत नाही. फाल्गुनाच्या आधी गवत कापून वैरणीला घ्यावे, आणि वाटेच्या कडेने आठ-दहा हातांचा पट्टा साफ ठेवावा. म्हणजे कुणाच्या विडीची ठिणगी पडली, तरी आग पुढे सरकत नाही.

जुन्या लोकांनी डोंगरावर देवळे बांधली, तशी तळी आणि तीर्थेही बांधली. यमाईच्या देवळापाशी ती आजही दिसतात. हात-पाय धुवायला पाणी, हा त्यांचा उपयोग सगळ्यांना माहीत आहे. पण उतारावरचे पाणी तिथे घटकाभर थांबते, हाही उपयोगच. तळ्यातला गाळ काढणे म्हणजे खालच्या ओढ्याचे ओझे कमी करणे.

खाली सपाटीला आल्यावर कामाची रीत बदलते. चैत्राची यात्रा उरकली, की वैशाखात ओढा एकदा चालत बघावा. डोंगराच्या पायथ्यापासून नदीपर्यंत. चार-पाच जणांनी मिळून जावे. त्यात एक बाई जरूर असावी. धुण्याला आणि पाण्याला बाया रोज ओढ्यावर जातात, कुठे काय साचले आहे हे त्यांना पुरुषांपेक्षा जास्त ठाऊक असते. एकाने वही घ्यावी. आता आपल्याला लिहिता येते! कुठली मोरी बुजली, कुठे झाड आडवे पडले, कुठे काठ ढासळला, हे ओळीने लिहून काढावे.

मग आधी मोऱ्या मोकळ्या कराव्यात. बाकीचे नंतर. हाताशी माणसे थोडी असली आणि दिवस एकच असला, तर तो दिवस मोरीलाच द्यावा. त्यानंतर पात्रात आडवी पडलेली झाडे आणि फांद्या काढाव्यात. पात्राच्या मध्ये माजलेली बेशरम आणि घाणेरी मुळासकट उपटावी. पण काठावरच्या वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ यांना हात लावू नये. त्यांची मुळे म्हणजे काठाची शिवण आहे. शिवण उसवली, की काठ फाटतो. जिथे काठ उघडा पडला असेल, तिथे पावसाच्या तोंडाला बांबू, निरगुडी, वाळा लावावा. वाळ्याची मुळे खोल जातात आणि माती घट्ट धरतात.

गाळ काढला तर तो टाकायचा कुठे? इथेच घोटाळा होतो. लोक गाळ काढतात आणि काठावरच ढीग लावतात. पहिल्या पावसात तो परत आत. शिवाय काठावरच्या ढिगामुळे रानातले पाणी ओढ्याला यायचे थांबते आणि रान चिबडते. गाळ गाडीत भरून हलक्या जमिनीवर पसरावा. ती आपल्याच डोंगराची माती आहे, परत आपल्या रानाला मिळाली. मात्र गावाच्या सांडपाण्याचा काळा, वास येणारा गाळ असेल, त्यात काच-पत्रा असेल, तर तो पिकात टाकू नये.

हे सगळे मृगाच्या आत व्हावे. मृग ७ जूनच्या सुमाराला लागतो. त्यानंतर ओढ्यात उतरणे धोक्याचे. भर पावसात मोरी तुंबली, तर पाण्यात उतरून हात घालू नये. तुंबलेली मोरी एकदम सुटते आणि माणसाला नळीत ओढते. काठावर उभे राहून लांब काठीला आकडी बांधून कचरा ओढावा. तेही जमत नसेल तर सोडून द्यावे. रस्ता पुन्हा बांधता येतो. तसेच, पुलावरून पाणी वाहत असले तर गुडघाभर आहे म्हणून गाडी घालू नये. वाहते पाणी गुडघाभर असले तरी उभा माणूस पाडते. आणि पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की खचला, हे वरून दिसत नाही.

हे कुणी करायचे

"सरकारनं करावं." "पंचायतीनं करावं." "ज्याचं रान त्यानं करावं." तिन्ही बाजूंनी बोट दाखवून होते आणि मृग लागतो.

हॉलंड नावाचा एक देश आहे. त्याची सुमारे पाव हिस्सा जमीन समुद्राच्या पातळीच्या खाली. तिथे सातशे-आठशे वर्षांपासून शेतकऱ्यांच्या पाणी-पंचायती आहेत. रानाकडेचा चर त्या रानवाल्याने ठराविक तारखेच्या आत साफ करायचा, असा नियम आहे. त्या तारखेनंतर पंचायतीचे लोक चर बघत हिंडतात. कुणाचा चर तुंबलेला सापडला, तर त्याला दंड होतो, आणि काम पंचायत करून घेऊन त्याचा खर्च त्याच्याकडून वसूल करते. तिथला शेतकरीही कुरकुर करतो. पण चर साफ करतो. कारण शेजाऱ्याने चर तुंबवला, तर आपले रान बुडते, हे त्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले आहे.

आपल्याकडे तसा दंड नाही. पण पैरा आहे. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात, असे काम आपण करतच आलो. भांगलण पैऱ्याने होते, मग ओढा का होणार नाही? ओढ्याकडेच्या दहा-बारा घरांनी मिळून चार दिवस काढले, तर एक मैलाचा ओढा हाताखालून जातो. ज्याला अंगमेहनत जमत नाही, त्याने बैलगाडी द्यावी, ट्रॉली द्यावी, दुपारच्या भाकरी द्याव्यात.

मोठ्या कामाला पंचायत लागते. मोरी लहान पडते, नळ्या बदलायला हव्यात, मोठा गाळ काढायचा आहे, ही कामे गावकऱ्यांच्या अंगावर टाकून चालणार नाही. १ मे रोजी ग्रामसभा असते. त्या सभेत ती वही घेऊन जावे आणि लिहिलेले वाचून दाखवावे. ठराव लिहून घ्यावा. रस्ता जिल्हा परिषदेचा की सार्वजनिक बांधकाम खात्याचा, हे विचारून तिकडे ठरावाची नक्कल पाठवावी आणि पोच घ्यावी. रोजगार हमीतून काम घेता येईल का, हेही त्याच सभेत विचारावे. नुसते तोंडी सांगितलेले पावसाबरोबर वाहून जाते.

बांध रेटण्याचे भांडण मात्र गावातच मिटलेले बरे. ओढा कायद्याने कुणा एकाचा नसतो, तो सरकारचा असतो. तलाठ्याकडे गावाचा नकाशा असतो. त्यावर ओढा दाखवलेला असतो. दोन्ही काठांच्या शेतकऱ्यांना बोलावून, नकाशा पुढे ठेवून, मोजणी करून दगड रोवावेत. आधी कुणी किती खाल्ले याचा पाढा वाचू नये. तो वाचला, की सभा मोडते. एवढेच ठरवावे, की दोन्ही बाजूंनी दगडापर्यंत सारखे मागे यायचे आणि मध्ये बांबू लावायचा. बांबू पुढे दोघांनाही विकता येतो.

वाचा आणि उत्तरे लिहा

तुमच्या ओढ्याला किती एकर उताराचे पाणी येते? अंदाजाने लिहा आणि दोन इंच पावसाला किती लिटर पाणी होईल, ते काढा.

तुमच्या गावच्या मोरीला नळ्या किती आहेत? त्यांत गाळ किती भरला आहे, तो काठी घालून मोजा आणि लिहून ठेवा.

तुमच्या ओढ्याचे पाणी कासारीला जाते, पंचगंगेला जाते, की वारणेला? तुमच्या खालच्या अंगाला कोणते गाव आहे? त्या गावात तुमच्या ओळखीचे कोण राहते?

तुमच्या आजोबांच्या वेळी ओढा किती रुंद होता? घरातल्या किंवा शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. मग त्याच जागी जाऊन दोरीने आजची रुंदी मोजा.